भाडे कमी करा म्हणून सतत मागे लागणाऱ्या भाडेकरूला काय उत्तर द्यावे?

जांभा_भिंत | रविवार, सकाळी १०.२०

नमस्कार. रत्नागिरीत नगरपरिषदेच्या हद्दीत आमचे दुमजली घर आहे. खालच्या मजल्यावर आई एकटी राहते, वरचा मजला भाड्याने दिलेला आहे आणि मी नोकरीमुळे ठाण्यात असतो. भाडेकरू तरुण जोडपे आहे. त्यांचा मुलगा लहान आहे. पती औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, तर पत्नी शाळेत नोकरी करते. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचा कायमचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) असून सध्याचा करार ऑक्टोबरअखेर संपतो. भाडे दरमहा ९,५०० रुपये आणि अनामत ३०,००० रुपये आहे.

माणसे वाईट नाहीत, परंतु त्यांच्या मागण्या थांबत नाहीत. प्रथम खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या, त्या बसवून दिल्या. नंतर दुचाकीसाठी पत्र्याची शेड मागितली, तीही घालून दिली. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला गेल्यावर टँकरचे पैसे आम्ही द्यावेत असे ठरवून घेतले. आता त्यांचे म्हणणे असे आहे की, जवळच उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत ८,००० रुपयांत सदनिका मिळते, आमच्या उत्तरेकडच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते आणि शिवाय आईला अधूनमधून दवाखान्यात नेण्याचे काम तेच करतात, म्हणून भाडे ८,००० करावे. मी विचार करून सांगतो म्हटले, तर गेल्या महिन्यात त्यांनी परस्पर ८,५०० रुपयेच पाठवले.

अशा वेळी संबंध न बिघडवता नकार कसा द्यावा? की थोडे कमी करून विषय मिटवावा?

---

वरसोली_किनारा | रविवार, सकाळी ११.०५

अजिबात कमी करू नका. भाडे एकदा खाली आले की पुढची दहा टक्के वाढ त्या खालच्या रकमेवरच होते, त्यामुळे तुमचे नुकसान एका वर्षापुरते राहत नाही. जाळ्या दिल्या, शेड दिली, टँकर दिला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही त्या बदल्यात काहीही मागितले नाही. मागितले की मिळते हे समोरच्याला कळल्यावर तो मागणारच. स्पष्ट सांगा की नवी इमारत आवडत असेल तर एक महिन्याची सूचना द्या आणि आनंदाने जा. अलिबागकडे आम्ही असेच करतो आणि पुढचा महिना उजाडण्याआधी दुसरा माणूस हजर असतो.

---

शाकारणी | रविवार, दुपारी १२.३०

वरसोली_किनारा, अलिबागचे गणित रत्नागिरीला लावू नका. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्यांसह माणसे नेणारी बोट) सुरू झाल्यापासून तुमच्याकडे मुंबईचा माणूस गाडीसह तासाभरात उतरतो. रत्नागिरीत भाड्याने घर घेणारा माणूस हा नोकरीनिमित्त आलेला असतो आणि त्याची ये-जा शाळा उघडण्याच्या किंवा बदल्यांच्या हंगामातच होते. ऑक्टोबरअखेरीस घर रिकामे झाले तर ते डिसेंबरपर्यंत रिकामे राहू शकते.

आता आकडे पाहू. दरमहा १,५०० रुपये कमी केले तर अकरा महिन्यांत १६,५०० रुपये जातात. दोन महिने घर रिकामे राहिले तर १९,००० रुपये जातात. त्यात एजंटची एक महिन्याची दलाली, रंगकाम आणि नव्या कराराचा खर्च मिळवा. म्हणजे पावणेदोन महिन्यांहून अधिक काळ घर रिकामे राहणार असेल तर भाडे न सोडण्याचा मान महाग पडतो. यावरून लगेच कमी करा असे मी म्हणत नाही. हा आकडा मनात ठेवून बोलायला बसा एवढेच म्हणतो.

आणखी एक गोष्ट मुंबई-ठाण्याच्या मंडळींच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे बंद घर झपाट्याने बिघडते. एक पावसाळा दारे-खिडक्या उघडल्या गेल्या नाहीत तर भिंतींना बुरशी धरते, लाकडाला वाळवी लागते आणि कौल सरकले तर ते पाहायला कोणी नसते. राहता माणूस भाडे देतोच, शिवाय घरही राखतो.

---

थेट_सावंतवाडी | रविवार, दुपारी १२.४८

आमचे एक जुने भाडेकरू दर जूनला म्हणायचे, "भाडा तुमचा, पावस मात्र आमचो." कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली त्यांनी ठेवलेल्या प्रत्येक बादलीमागे पन्नास रुपये सूट मागितली होती. वडिलांनी सूट दिली नाही, बादल्या दिल्या.

---

भाडोत्री | रविवार, दुपारी ३.१५

या धाग्यावर बहुधा मी एकटाच दुसऱ्या बाजूचा आहे. बँकेतल्या नोकरीमुळे देवगड, गुहागर, श्रीवर्धन अशा गावांत भाड्याने राहिलो आहे, तेव्हा भाडेकरूच्या डोक्यात काय चाललेले असते ते सांगतो.

भाडे कमी करण्याची मागणी पुष्कळदा खरी मागणी नसते. गुहागरला असताना मी घरमालकांना पंपाबद्दल वारंवार सांगितले. "बघतो", "माणूस पाठवतो", "गणपतीला आल्यावर करू" अशी उत्तरे मिळत राहिली. अखेर मी भाडे पाचशेने कमी करा असे म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी पंपवाला दारात उभा राहिला. त्यानंतर मी भाड्याचा विषय पुन्हा काढला नाही, कारण मला पाणी हवे होते. ओलीच्या खोलीचा उल्लेख जांभा_भिंत यांनी अर्ध्या वाक्यात केला आहे, पण ज्या घरात लहान मूल आहे तिथे ती बाब अर्ध्या वाक्याची नसते. ती खोली किती मोठी आहे, तिथे कोण झोपते, आणि ओल दूर करण्यासाठी आपण आजवर काय केले, हे कृपया सांगावे.

मात्र परस्पर हजार रुपये कापून पाठवणे मलाही पटलेले नाही. मागणी करणे आणि स्वतःच मंजूर करून घेणे यांत फरक आहे.

---

वरसोली_किनारा | रविवार, दुपारी ३.४०

भाडोत्री, आपण घर घेताना ओल दिसत होती ना? मग त्याच भाड्याला होकार कशाला दिला?

---

भाडोत्री | रविवार, दुपारी ३.५२

घर मे महिन्यात पाहिले जाते, साहेब. मे महिन्यात कोकणातली प्रत्येक भिंत कोरडी असते.

---

मुरुडचा_वकील | रविवार, सायंकाळी ६.३०

कायद्याची बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण प्रत्येक वर्षी माझ्याकडे येणाऱ्या अशा वादांत दोन्ही पक्ष ऐकीव माहितीवर भांडत असतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या दोन परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांनाच तो लागू होतो. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या घराचा प्रश्न असेल तर आधी ते तपासावे. कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर ज्या अटींवर घर घेतले असे भाडेकरू सांगेल त्या, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. आजच्या प्रश्नात याचा अर्थ असा की, नोंदणी नसती तर "भाडे आठ हजारच ठरले होते" असे भाडेकरू म्हणू शकला असता आणि ते खोडून काढण्याचे ओझे तुमच्यावर आले असते. जांभा_भिंत यांचा करार नोंदलेला आहे, त्यामुळे त्यांची बाजू भक्कम आहे.

करार चालू असताना भाडे कमी करण्याचे कोणतेही बंधन घरमालकावर नाही. परंतु कमी आलेली रक्कम निमूटपणे स्वीकारत राहिल्यास काही महिन्यांनी "ही सूट मालकांना मान्य होती" असा युक्तिवाद उभा राहतो. म्हणून आजच एक साधा संदेश पाठवावा: "अमुक महिन्याच्या भाड्यापोटी ८,५०० रुपये मिळाले, करारानुसार १,००० रुपये येणे बाकी आहेत." त्यात राग नको, धमकी नको, फक्त तारीख आणि रक्कम असावी.

रागाच्या भरात पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्याला कुलूप लावणे यांपैकी काहीही करू नये. अत्यावश्यक सेवा खंडित करण्यास कलम २९ ने मनाई केलेली आहे आणि ज्याची बाजू खरी आहे असा मालकदेखील तिथे आरोपी होतो. दुसऱ्या बाजूला, रहिवासासाठी दिलेल्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि घर सोडेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हे वाक्य करारात असतेच. फक्त ते कोणी वाचत नाही.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ८.१०

वकीलसाहेबांनी लिहून देण्यावर जो भर दिला आहे, त्याला माझा अनुभव जोडतो. चिपळूण बाजारपेठेत आमचे दोन गाळे आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात दोन्ही गाळे छतापर्यंत पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यातच कितीतरी दिवस गेले आणि एका भाडेकरूचा सगळा कापडाचा माल गेला. त्याने भाडे निम्मे करा म्हटले, तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

पण वडिलांनी एक काम शहाणपणाचे केले. सवलत किती, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि त्यानंतर भाडे आपोआप मूळ रकमेवर येईल, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या गाळ्याच्या बाबतीत मालकी चुलत्यांची होती. त्यांनी तोंडीच "सध्या निम्मे द्या" म्हटले. आमचा भाडेकरू मुदतीनंतर न बोलता पूर्ण भाडे देऊ लागला. चुलत्यांचा भाडेकरू आजही "सध्या" या शब्दावर अडून बसलेला आहे.

टाळेबंदीतही असाच गोंधळ झाला होता. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी असे घरमालकांना सांगितले होते. ती भाडेमाफी नव्हती, मुदतवाढ होती. पण आमच्या आळीत ती माफी म्हणूनच पसरली आणि थकबाकी मागणारा मालक निर्दयी ठरला.

---

खारा_वारा | रविवार, रात्री ९.२५

मालवणची परिस्थिती थोडी उलट आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि गेल्या काही वर्षांत किनाऱ्यालगतच्या ज्याच्या त्याच्या घरावर होमस्टेची पाटी आली. इथे भाडेकरूच धास्तावलेला असतो की, दिवाळी जवळ आली की मालक घर मागणार. तरीही भाडे कमी करण्याची मागणी होतेच, ती अशी: "वर्षभर राहतो, पावसाळ्यात तुमच्याकडे पर्यटक येत नाहीत, तेव्हा निदान ते चार महिने कमी घ्या."

मी एका शिक्षक कुटुंबाला जून ते सप्टेंबर कमी आणि ऑक्टोबर ते मे थोडे जास्त असे दर लावून पाहिले. बेरीज तीच राहिली, त्यांचे शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांतले ओझे हलके झाले आणि मला एक पैशाचेही नुकसान झाले नाही. मात्र असे दर मूळ करारातच लिहावे लागतात. मध्येच ठरवले तर हिशेबाचा गोंधळ होतो.

---

कलमबाग | सोमवार, सकाळी ७.५०

देवगडहून लिहीत आहे. आमच्या भाडेकरूने भाडे कमी करण्यासाठी दिलेले कारण असे होते की, तो परसातल्या आंब्याच्या चार कलमांची राखण करतो, माकडे हाकलतो आणि पाणी घालतो. वास्तविक मे महिन्यात पेट्या भरण्याच्या वेळी एका कलमावर आंबे दिसलेच नाहीत, तेव्हा राखण नेमकी कोणाकडून झाली हा संशोधनाचा विषय आहे.

विनोद बाजूला ठेवून सांगतो. अशी कामे भाड्यात वळती करू नयेत. कूळकायद्याची, म्हणजे जमीन कसणारा तिच्यावर हक्क सांगेल याची, भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. घर भाड्याने देणे ही वेगळी बाब असली तरी झाडे आणि जमीन कसण्याचा संबंध त्यात मिसळला की पुढच्या पिढीला वकील शोधावा लागतो. आम्ही करारात घर, पडवी आणि पाण्याचा वापर एवढेच लिहिले आणि परसबाग व तिचे उत्पन्न वगळले आहे असे स्पष्ट नमूद केले. राखणीचे पैसे हंगामात वेगळे देतो आणि त्याची पावती घेतो.

जांभा_भिंत यांच्या आईंना दवाखान्यात नेण्याच्या कामालाही मी हेच तत्त्व लावीन.

---

जांभा_भिंत | सोमवार, सकाळी ९.१५

सर्वांचे आभार. भाडोत्री यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. उत्तरेकडची खोली दहा बाय अकराची आहे. झड थेट त्याच भिंतीवर बसते. बाहेरून गिलावा आहे, पण त्याला आता बराच काळ झाला आहे. दोन वर्षांपूर्वी आतून रंग दिला होता, तो यंदा फुगला. मुलगा त्याच खोलीत झोपतो असे आईकडून आजच कळले.

नव्या इमारतीबद्दल आईने शेजाऱ्यांकडे चौकशी केली. तिथे ८,००० रुपये भाडे आहे हे खरे, परंतु ती एका खोलीची सदनिका आहे, देखभाल शुल्क वेगळे आहे आणि अनामत आमच्याहून जास्त आहे. आमच्याकडे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची आहे.

कलमबाग, आपला मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. आईचे आणि त्यांचे संबंध खरोखर चांगले आहेत. मुलगा दिवसभर आईजवळच असतो. ते गेले तर आई दुःखी होईल आणि आम्हा दोघा भावंडांची चिंता वाढेल, हे भाडेकरूंना माहीत आहे.

---

अंजनवेल | सोमवार, सकाळी ११.००

माझे वय झाले आहे, त्यामुळे जरा मागचे सांगतो. दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहत होता तेव्हा गुहागर परिसरात पडवीलासुद्धा भाडे मिळत होते. लोकांनी कर्ज काढून मजले चढवले. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, माणसे निघून गेली आणि घरे तशीच राहिली. त्या वेळी दोन प्रकारचे मालक पाहिले. काही जण "मला इतके मिळत होते" म्हणून जुन्या आकड्याला चिकटून राहिले आणि त्यांच्या घरांत वटवाघळे राहिली. काहींनी भाडे लगेच उतरवले आणि शिक्षक, तलाठी, बँकेची माणसे टिकवली.

तात्पर्य असे काढू नका की भाडे नेहमी उतरवावे. बाजार पडलेला असेल तर मालकाने आधी उतरावे, आणि बाजार पडलेला नसताना केवळ भाडेकरूने आवाज चढवला म्हणून उतरू नये. रत्नागिरीत आता वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, मुले आणि कर्मचारी घरे शोधत असतात. तुमचा बाजार पडलेला आहे असे मला इथून तरी दिसत नाही.

---

शाकारणी | सोमवार, दुपारी १.२०

अंजनवेल काकांशी सहमत. कालचा माझा हिशेब रिकाम्या घराचा होता. जर मागणी चांगली असेल तर तो पावणेदोन महिन्यांचा धोका कमी होतो.

भाडेकरूच्या बाजूचाही हिशेब करा. घर बदलताना त्याला टेम्पो, मजूर, एजंटची दलाली आणि वाढीव अनामत द्यावी लागेल, शिवाय मुलाला सांभाळणारी आजी मिळणार नाही. त्याचे महिना १,५०० रुपये वाचतील, पण पहिले काही महिने ती बचत याच खर्चात जाईल आणि पुढे देखभाल शुल्कात. म्हणून "आम्ही जातो" या वाक्याला घाबरण्याचे कारण नाही, आणि "जा" असे म्हणण्याचेही कारण नाही.

खोलीचे मात्र करून घ्या. बाहेरून गिलाव्याच्या भेगा भरून जलरोधक रंग आणि वर पत्र्याची पुढे आलेली झडप, एवढे केले तर झड भिंतीपर्यंत येतच नाही. आतून कितीही रंग दिलात तरी तो फुगणार. काम दिवाळीनंतर भिंत वाळल्यावर करावे. आता केलेत तर ओल आतच कोंडली जाईल.

---

मुरुडचा_वकील | सोमवार, दुपारी २.४५

शाकारणी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला कायद्याचाही आधार आहे. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही कलम १४ नुसार मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने लेखी सूचना देऊनही पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. ही तरतूद भाडेकरूंसाठी आहे, लीव्ह अँड लायसन्सवरच्या परवानाधारकाचे स्थान वेगळे आहे, पण त्यातला न्याय लक्षात घ्यावा: दुरुस्तीचा खर्च वळता होतो, नाराजीची किंमत वळती होत नाही. तुमच्या भाडेकरूने दुरुस्ती केलेली नाही, त्यामुळे त्या हजार रुपयांना कोणताच आधार नाही.

---

थेट_सावंतवाडी | सोमवार, दुपारी ३.०५

नाराजीची किंमत वळती होत असती तर माझ्या सासऱ्यांच्या भाडेकरूने आतापर्यंत घर विकत घेतले असते.

---

वरसोली_किनारा | सोमवार, सायंकाळी ५.३०

मी माझे मत थोडे बदलतो, पूर्ण नाही. ओलीची दुरुस्ती करावी, हे मान्य. परंतु दुरुस्ती आणि भाडे एकाच बैठकीत बोलू नका, कारण मग दुरुस्ती ही सवलत वाटते आणि दुरुस्ती झाल्यावर उरलेली सवलत मागितली जाते. शिवाय आईंनी या वाटाघाटीत पडू नये. आमच्याकडे एका काकूंच्या घरी भाडेकरू थेट त्यांच्याशी गोड बोलून दर वर्षी वाढ टाळत असे; मुलगा मुंबईहून आकडा सांगायचा आणि काकू इथे तो खाली आणायच्या. भाड्याचे बोलणे फक्त तुमच्याशी होईल, हे दोन्हीकडे नम्रपणे सांगा.

---

पायवाट_दापोली | सोमवार, रात्री ८.४०

वरील सूचना योग्य आहे, पण तिच्यातला एक काटा दाखवते. मी आईची मुलगी आणि घराची मालकीण या दोन्ही भूमिका निभावते. आईंना "तुम्ही यात बोलू नका" असे सांगितले की त्यांना वाटते, घर आपले असून आपल्याला विचारत नाहीत. घर कोणाच्या नावावर आहे? आईंच्या नावावर असेल तर करारावर त्यांचीच सही आहे आणि त्यांना वगळणे शोभतही नाही आणि चालतही नाही. त्यापेक्षा आकडा आधी आईंबरोबर ठरवावा आणि "मुलाशी बोला" एवढेच त्यांनी म्हणावे.

मदतीच्या बाबतीत कलमबाग यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. आमच्या वरच्या मजल्यावर कृषी विद्यापीठातले एक संशोधक राहत होते. ते बाबांना रुग्णालयात नेत असत. आम्ही रिक्षाचे आणि पेट्रोलचे पैसे त्याच दिवशी देत असू, दिवाळीला फराळ आणि मुलीला कपडे घेत असू, पण भाड्याचा आणि त्याचा संबंध कधी जोडला नाही. जोडला असता तर बाबांना एखाद्या रात्री त्यांना हाक मारताना संकोच वाटला असता की आता हे मोजले जाणार.

---

भाडोत्री | सोमवार, रात्री ९.१०

पायवाट, हे भाडेकरूच्या बाजूनेही खरे आहे. ज्या घरात मी मनापासून मदत केली तिथे भाडे कमी मागण्याची मलाच लाज वाटली असती. जांभा_भिंत यांच्या भाडेकरूने ती मदत यादीत का घातली असेल, याचा विचार केला तर मला वाटते त्याच्याकडे ओलीशिवाय दुसरे ठोस कारण नाही, म्हणून त्याने यादी लांबवली.

---

जांभा_भिंत | बुधवार, रात्री ९.५०

काल रात्री भाडेकरूंशी दूरध्वनीवर बोललो. घर आईच्या नावावर आहे, त्यामुळे आधी आईशी बोलून आकडा ठरवला. पुढील मजकूर त्यांना पाठवण्याचा विचार आहे, कृपया पाहावा:

"गेल्या महिन्याच्या भाड्यापोटी ८,५०० रुपये मिळाले, १,००० रुपये बाकी आहेत, ते या महिन्याच्या भाड्यासोबत द्यावेत. चालू करारात भाडे ९,५०० रुपये राहील. उत्तरेकडच्या भिंतीची बाहेरील दुरुस्ती आणि झडप दिवाळीनंतर आम्ही आमच्या खर्चाने करून घेऊ. तोपर्यंत ती खोली वापरता येत नसल्यामुळे दरमहा ५०० रुपये कमी घेऊ. नवा करार केल्यास भाडे ९,५०० रुपयेच ठेवू, वाढ करणार नाही. आईसाठी दवाखान्यात जावे लागल्यास वाहनखर्च त्याच दिवशी दिला जाईल."

बोलताना ते प्रथम थोडे नाराज झाले, पण भिंतीचे काम होणार हे ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. त्यांच्या पत्नीने मागून विचारले की, झडप पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत बसवता येईल का. भाड्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

---

मुरुडचा_वकील | बुधवार, रात्री १०.२०

मजकूर चांगला आहे, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवतो. "तोपर्यंत" हा शब्द काढा आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत ५०० रुपये कमी घ्याल ते लिहा. वाशिष्ठीकाठ यांच्या चुलत्यांचे उदाहरण समोर आहेच. तसेच चालू करारात भाडे ९,५०० राहील आणि दरमहा ५०० कमी घेऊ ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात, म्हणून "ही सवलत तात्पुरती असून करारातील भाड्यात बदल झालेला नाही" हे वाक्य मध्ये घाला. नवा करार नोंदवताना मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांचे भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे तीनशे रुपयांच्या आतबाहेर, आणि नगरपरिषद हद्दीतली नोंदणी फी १,००० रुपये लागेल. तो खर्च कोण करणार हेही आताच ठरवा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये नवा धागा काढावा लागेल.

---

शाकारणी | गुरुवार, सकाळी ७.३०

पत्र्याची झडप ऑगस्टमध्येही बसवता येते, तिला भिंत वाळण्याची गरज नाही. गिलावा आणि रंग मात्र दिवाळीनंतरच. झडप भिंतीपासून किमान अडीच फूट पुढे काढा आणि पन्हळ गच्चीच्या पाइपला जोडा, नाहीतर तेच पाणी खाली आईंच्या पडवीत पडेल.

---

जांभा_भिंत | गुरुवार, सकाळी ८.०५

पन्हळीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. शनिवारी रत्नागिरीला जात आहे, माप घेऊन येतो. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा करावा असे वाटते. इतरांकडे काय पद्धत आहे?